वळणाचा बोळ आणि वर्तुळांतील बहुकोन



वाड्यांतला बोळ आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. दोन भिंती, वर छत आणि खालीं फरशी. सरळ जाणारा बोळ बांधण्यास गवंड्याला फारसे श्रम पडत नाहींत. तोच बोळ गोलाईनें वळवावयाचा झाला, म्हणजे मात्र प्रश्न उभा राहतो. वीट सरळ, तुळई सरळ, ओळंब्याची दोरी सरळ. आणि भिंत तेवढी वळणाची हवी. हा जुना प्रश्न आज एका नव्या ठिकाणीं पुन्हां उद्भवला आहे. मुलें संगणकावर जे खेळ खेळतात, त्यांतील वाडे, तळघरें आणि बोळ कोणी तरी बसून रचलेले असतात. ते रचण्याच्या साधनास लेव्हल एडिटर असें म्हणतात, आणि आमच्या कळमेश्वरासारख्या तालुक्याच्या गांवच्या मुलासही तें आतां घरबसल्या मिळूं शकतें. त्या साधनांत गोल बोळ कसा रचतात, याचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे. त्याचा एक धागा अमेरिकेंत आहे, तर दुसरा आपल्या खानदेशांत.

प्रथम अमेरिकेंतील हकीकत सांगतों. सन १९९३ च्या डिसेंबरांत इड सॉफ्टवेअर या मंडळीनें 'डूम' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यांतील प्रत्येक भिंत म्हणजे नकाशावर दोन बिंदूंमध्यें ओढलेली सरळ रेघ होय. वक्र रेघ ओढण्याची सोय त्यांत नव्हती. पुढें १९९६ सालीं 'क्वेक' आला. त्यांत भिंती भरीव ठोकळ्यांच्या झाल्या. पण ठोकळ्याची प्रत्येक बाजू सपाट असावी आणि त्यास आंत वळलेला कोंपरा नसावा, असा नियम होता. मग गोल बोळ रचणारा करी काय? आमच्याकडील संत्र्याच्या बागांतल्या विहिरींचें बांधकाम पाहावें, म्हणजे उत्तर सांपडतें. तेथेंही वीट सरळच असते. परंतु गवंडी प्रत्येक विटेचें तोंड थोडें थोडें फिरवितो, सांधा पुढें अरुंद व मागें रुंद ठेवितो, आणि वर्तुळ पुरें करितो. खेळ रचणाराही तसेंच पाचरीच्या आकाराचे ठोकळे एका केंद्राभोंवतीं सारख्या कोनानें मांडतो. आंतल्या भिंतीचे तुकडे आंखूड आणि बाहेरच्या भिंतीचे लांब. कोन मात्र दोहोंचा एकच.

आतां किती तुकडे घ्यावे? समजा, बाहेरची भिंत केंद्रापासून ३८४ मापांवर व आंतली २५६ मापांवर आहे, आणि बोळ काटकोनांत वळवावयाचा आहे. चार तुकडे केले, तर बाहेरच्या भिंतीचा प्रत्येक तुकडा आपल्या मध्यभागीं खऱ्या वर्तुळापासून सुमारें ७·४ मापें आंत राहतो. आठ केले तर १·८५ मापें, आणि सोळा केले तर अर्ध्या मापाहूनही कमी. म्हणजे तुकडे दुप्पट केले कीं चूक चौथाईवर येते. मग हजार तुकडे कां करूं नयेत? कारण संगणकास प्रत्येक बाजू क्षणोक्षणीं नव्यानें रंगवावी लागे. तुकडे फार झाले कीं त्या काळचें यंत्र अडखळे. दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती. मापें पूर्णांकांत घेण्याचा प्रघात असे, आणि वर्तुळावरचे बिंदू बहुधा अपूर्णांकांत पडत. ते जवळच्या पूर्णांकावर सरकविले कीं शेजारच्या ठोकळ्याशीं सांधा जुळेनासा होई आणि फट राही. ती फट बाहेरच्या पोकळीपर्यंत पोंचली, तर तिला रचनाकार गळती म्हणत. गळती असेपर्यंत कोठून काय दिसतें याचा हिशेब संगणक पुरा करीत नसे. केसाएवढ्या चुकीनें सबंध वाडा अडून राही.

सरळ तुकड्यांनीं वळण साधण्याची ही विद्या महाराष्ट्रास नवी नाहीं. कार्ल्याचें चैत्यगृह सुमारें दोन हजार वर्षांचें. त्यांत स्तूपाच्या मागून जाणारा प्रदक्षिणेचा मार्ग अर्धगोल आहे, आणि त्याच्या आंतल्या कडेस सात साधे अष्टकोनी खांब उभे आहेत. खांबांमध्यें रिकामी जागा आहे. तरी पाहणाऱ्याची दृष्टि खांबामागून खांब जोडीत जाते आणि वळण आपोआप पुरें होतें. थोड्या बिंदूंवर डोळ्याचें समाधान होतें, याच अनुभवाच्या जोरावर खेळ रचणारा आठ तुकड्यांवर थांबूं शकतो.

परंतु खांब किंवा ठोकळा नेमका केवढा असावा, हें डोळा सांगत नाहीं. त्यास गणित लागतें. येथें भास्कराचार्यांचें स्मरण होतें. त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे सन १११४ मधला. सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जडविड हें आपलें गांव, असें ते स्वतः सांगतात. सन ११५० मध्यें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, त्यांनीं सिद्धांतशिरोमणि रचिला. लीलावती हा त्याचाच पहिला भाग मानितात. तींत एक प्रश्न असा आहे: वर्तुळाचा व्यास ठाऊक असतां, त्याच्या आंत बसणाऱ्या समभुज त्रिकोणापासून नवकोनापर्यंतच्या आकृतींची बाजू किती? उत्तरासाठीं त्यांनीं सात अंक दिले आहेत. व्यास १,२०,००० धरला तर त्रिकोणाची बाजू १,०३,९२३, चौकोनाची ८४,८५३, पंचकोनाची ७०,५३४, षट्कोनाची ६०,०००, सप्तकोनाची ५२,०५५, अष्टकोनाची ४५,९२२, आणि नवकोनाची ४१,०३१. आपला व्यास या अंकानें गुणावा व १,२०,००० नें भागावें, कीं बाजू मिळते. लेव्हल एडिटरांत गोल बुरूज रचणाऱ्या मुलास जें कोष्टक हवें असतें, तें हेंच.

आजच्या साधनांनीं हे अंक ताडून पाहिले, तर पांच अंक शेवटच्या घरापर्यंत बरोबर ठरतात. सप्तकोनाची बाजू ५२,०६६ आणि नवकोनाची ४१,०४२ हवी. त्या दोहोंत अकरा-अकरांचें अंतर पडतें. यांतील मौज अशी, कीं त्रिकोण, चौकोन, पंचकोन, षट्कोन आणि अष्टकोन यांच्या बाजू केवळ वर्गमुळें काढून मिळतात; सप्तकोन व नवकोन यांच्या तशा मिळत नाहींत. हें अशक्य आहे याची सिद्धता युरोपांत सन १८३७ मध्यें व्हांत्सेल यानें दिली. तेव्हां हें अंतर पडलें तें नेमकें त्या दोनच आकृतींत, जेथें वाट स्वभावतःच अवघड होती. शिवाय तें व्यवहारास बाधक नाहीं. वर सांगितलेल्या ३८४ मापांच्या त्रिज्येवर सप्तकोनी बुरूज रचला, तर बाजूंत एका मापाच्या दहाव्या हिश्शाइतकाही फरक पडत नाहीं.

लीलावतींतील आणखी एक गोष्ट मला याहून मोलाची वाटते. परिघ काढण्यास भास्कराचार्य दोन रीति देतात. व्यासास ३९२७ नें गुणून १२५० नें भागावें, हा परिघ सूक्ष्म. आणि २२ नें गुणून ७ नें भागावें, हा स्थूल, व्यवहारास योग्य. दोन्ही एकाच श्लोकांत, शेजारीं शेजारीं आहेत. अंक किती काटेकोर हवा हें कामावरून ठरवावें, आणि आपण स्थूल अंक घेतला आहे याची जाणीव ठेवावी, अशी ही शिकवण आहे. आमच्या शाळांतून मात्र बावीस सप्तमांश हा अंक जणूं वर्तुळाचा जन्मसिद्ध धर्म म्हणून पाठ होतो, आणि 'स्थूल' हा शब्द वाटेंत गळून पडतो. मीं पुष्कळ वर्षें वर्ग घेतले. वर्तुळाच्या पाठाशीं गणितास कायमचा रामराम ठोकणारीं मुलें दर वर्षीं पाहिलीं. त्यांना मंदबुद्धि म्हणण्याची रीत आहे. पण ज्या अंकाचें प्रयोजन कोणी सांगितलें नाहीं, तो अंक त्यांनीं कशासाठीं जपावा?

पुढें खेळांचीं साधनें सुधारलीं. सन १९९९ च्या 'क्वेक ३ अरीना'मध्यें खरें वळण देण्याची सोय झाली. ती विद्या मोटारींच्या कारखान्यांतली होती: फ्रान्समध्यें सिट्रोएन कंपनींत द कास्तेल्झो यानें १९५९ सालीं, आणि नंतर रेनो कंपनींत बेझिए यानें, मोटारीच्या अंगाची गोलाई अंकांत बसविण्याच्या रीति काढल्या. तरी त्या वळणाचें चित्र पडद्यावर काढतांना संगणक त्याचे पुन्हां लहान लहान सपाट तुकडेच करी. काम माणसाच्या हातून यंत्राकडे गेलें; तुकडे किती हा प्रश्न मात्र गेला नाहीं.

आतां शेवटची गोष्ट. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें सन १२०७ चा एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी यांनीं तो एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आणिला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, आणि निकुंभ कुळांतील सोइदेव राजानें त्यास दान दिलें, असें त्यांत म्हटलें आहे. लेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठींत असून बाजारांतल्या मालावरील कांहीं वांटा मठास लावून दिल्याचें त्यांत नमूद आहे. म्हणजे एके काळीं आपल्याकडील बाजार गणिताच्या शाळेचा खर्च सोशीत होता, आणि तो त्यास व्यर्थ वाटत नव्हता.

मुलगा दिवसभर पडद्यापुढें बसतो, ही पालकांची तक्रार रास्त आहे, आणि ती मी हलकी मानीत नाहीं. पण खेळणारा आणि रचणारा यांत अंतर आहे. आपला मुलगा बोळ रचीत असेल आणि त्याचे सांधे जुळत नसतील, तर रागावण्यापूर्वीं त्याच्या शेजारीं बसावें. एक वही, एक पेन्सिल व एक कंपास घ्यावा; वर्तुळांत अष्टकोन काढावा, बाजू मोजावी, आणि ती लीलावतींतील अंकाशीं ताडून पाहावी. व्यास दहा सेंटिमीटर घेतला, तर बाजू तीन सेंटिमीटर आठ मिलिमीटरांहून किंचित् अधिक यावयास हवी. ती तशी आली, कीं आठशें वर्षांपूर्वींचा एक आचार्य आणि आपला मुलगा एकाच कामास लागलेले आहेत, हें निराळें सांगावें लागणार नाहीं.