निर्दयतेची क्रियाविशेषणे

१८७६-७८ च्या दुष्काळाविषयीच्या काही इंग्रजी मजकुराचे मी मराठी टाचण करत होतो. चार दिवसांनी वही चाळली, तेव्हा ‘मर्सिलेसली’, ‘रूथलेसली’ आणि ‘कॅलसली’ या तिन्ही शब्दांसमोर मी ‘निर्दयपणे’ असेच लिहिलेले आढळले. कोशाच्या आधाराने पाहता ते चूक नव्हते. पण लिहिणाऱ्याने तीन वेगळे शब्द योजले होते आणि मी त्यांचा एकच शब्द करून टाकला होता. भाषाशास्त्राचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. तरी या खटकण्याचा माग काढत गेलो, त्याची ही हकिकत.

‘मर्सी’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी ‘मर्केस’ हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ वेतन, मोबदला. चर्चच्या लॅटिनमध्ये त्याला परोपकाराचे स्वर्गात मिळणारे फळ असा अर्थ आला आणि पुढे कृपा, क्षमा. फ्रेंच माणूस आजही आभार मानताना ‘मेर्सी’च म्हणतो. म्हणजे या शब्दात देणारा आणि घेणारा असे दोघे गृहीत आहेत. म्हणून ‘मर्सिलेसली’ मारले असे इंग्रज म्हणतो, तेव्हा मार खाणारा मारणाऱ्याच्या हाती सापडलेला असतो आणि सोडून देणे मारणाऱ्याला शक्य असते. चेष्टा करणाऱ्यांनाही हाच शब्द लागतो आणि डोक्यावर तळपणाऱ्या उन्हालाही.

‘कॅलस’चे मूळ ‘कॅलम’ म्हणजे कातडीवरचा टणक थर, आपला घट्टा. कुदळ चालवून हाताला घट्टे पडले की टोचलेले कळत नाही. ‘कॅलसली’ वागणारा माणूस मुद्दाम छळ करत असेलच असे नाही. समोरचे दुःख त्याला दिसते, पण लागत नाही. म्हणून या शब्दाची संगत दुर्लक्ष करणे, झिडकारणे अशा क्रियापदांशी अधिक.

‘रिमोर्स’ म्हणजे लॅटिनप्रमाणे पुन्हा चावणे. १३४० साली केंट परगण्यातल्या एका भिक्षूने फ्रेंच ग्रंथाचे भाषांतर करताना या शब्दाला ‘अगेनबाइट’ असा थेट देशी प्रतिशब्द घडवला होता. आपण मनाची टोचणी म्हणतो, तसेच हे. तो टिकला नाही, लॅटिनच टिकला. ‘रिमोर्सलेसली’मध्ये कृत्यानंतरची ही टोचणी नसते. म्हणून भरतीचे पाणी किंवा काळ यांच्यासाठीही तो चालतो.

‘इन कोल्ड ब्लड’चा प्रश्न वेगळा आहे. तिथे अभाव आहे तो रागाचा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३०० च्या पहिल्या अपवादाने गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभात झालेली हत्या खुनाच्या व्याख्येतून वगळली होती. रक्त तापलेले असणे ही तिथे थोडी तरी सबब ठरते, थंड असणे ठरत नाही. मराठीत आपण रक्ताऐवजी डोके थंड करतो एवढेच.

सर्वांत विलक्षण कहाणी ‘रूथलेसली’ची. ‘रू’ म्हणजे हळहळणे, आणि त्यावरून ‘रूथ’ म्हणजे करुणा. बायबलमधल्या रूथशी याचा संबंध नाही, ते हिब्रू नाव. मिल्टनच्या १६३८ साली छापलेल्या ‘लिसिडस’मध्ये करुणेच्या अर्थी ‘रूथ’ भेटते. पुढे ती व्यवहारातून गेली आणि मागे राहिला तो फक्त तिचा अभाव. आज ‘रूथलेसली’ बंड मोडतात, तसेच ‘रूथलेसली’ लेखाची काटछाटही करतात, आणि कारखानदाराच्या बाबतीत तर हा शब्द कौतुकाकडे झुकतो. ध्येय दिसते, पण ज्याच्यावरून ते पुढे जाते तो माणूस दिसत नाही.

हे वाचताना मला ‘निर्घृण’ आठवला. संस्कृतात ‘घृणा’ म्हणजे किळस, तशीच करुणाही. मराठीत किळस उरली. पण बातमीतल्या ‘निर्घृण हत्ये’त ती जुनी करुणा अजून शिल्लक आहे, फक्त नसलेपणाने. दोन दूरच्या भाषांत एकच गोष्ट घडली.

आता माझ्या टाचणाकडे येतो. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. बायकामुलांना त्याहून कमी. याच टेंपल यांनी १८७३-७४ मध्ये बिहारात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून लोक जगवले होते, आणि उधळपट्टीचा ठपका घेतला होता. नव्या आदेशात हेतू स्पष्ट होता, तो म्हणजे खर्च आवरणे. म्हणून आदेश काढला तो ‘रूथलेसली’. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी काम बंद ठेवले, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. गाऱ्हाणे कानावर येऊनही दर तसाच ठेवला, तिथे ‘मर्सिलेसली’ म्हणावे लागते. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर कष्टकरी शरीर टिकणार नाही असे बजावले. तरीही ज्यांनी आकडाच धरून ठेवला, ते ‘कॅलसली’ वागले. मार्च १८७७ मध्ये मद्रास सरकारने धान्य ५७० ग्रॅमपर्यंत वाढवले आणि थोडी डाळ जोडली.

आदेशाच्या कागदांना अशी क्रियाविशेषणे लागत नाहीत, त्यांत वजने आणि दर असतात. ती पुढे इतिहास लिहिणारा घालतो. म्हणून ती सरसकट घालून चालत नाही. कोणी ठरवले, कोणी ऐकले नाही आणि कोणाला काही लागलेच नाही, हे तिन्ही आरोप वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो.

वहीतले तिन्ही ‘निर्दयपणे’ मी खोडले. पहिल्या ठिकाणी ‘मुलाहिजा न ठेवता’, दुसऱ्या ठिकाणी ‘गयावया न ऐकता’, तिसऱ्या ठिकाणी ‘घट्टे पडलेल्या मनाने’ असे लिहिले. तिसरा शब्दप्रयोग अवघडलेला वाटतो खरा. वाचकांपैकी कोणाला याहून नेटका सुचला, तर मला हवा आहे.