लाकडी मासा आणि ढील



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आजचा विषय हातभर लांबीच्या लाकडाच्या तुकड्याचा आहे. कंटाळू नका, लढाई याच्यातही आहे.

मी तोफखान्यातला माणूस. निवृत्तीनंतर लखनौला राहिलो. शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर मलिहाबाद आहे, दशहरी आंब्याचं गाव. माझ्या रेजिमेंटमधले एक निवृत्त सुभेदारसाहेब तिथे बाग सांभाळतात. मे महिन्यात त्यांच्या बागेत माझी फेरी ठरलेली असते.

गेल्या वर्षी माझा भाचा अमेरिकेतून आला होता. तो विस्कॉन्सिनमध्ये नोकरी करतो आणि सुट्टीत मस्की नावाच्या माशामागे फिरतो. मस्की हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. सहज मीटरभर वाढतो, बदकाची पिल्लंसुद्धा गिळतो. तिथे त्याला 'दहा हजार फेकींचा मासा' म्हणतात, म्हणजे तेवढ्या वेळा गळ फेकावा तेव्हा एक लागतो. मोठ्या तोंडाला मोठा घास लागतो, म्हणून त्याच्यासाठी दहा-दहा इंची लाकडी मासे करतात. भाच्याने असाच एक पिशवीतून काढला. वजन सव्वादोनशे ग्रॅम, दोन्ही बाजू चपट्या, पोटात शिसं. पाण्यात तो डावीकडे सरकायला हवा, मग उजवीकडे, संथ नागमोडी. पण भाचा म्हणाला, "मामा, हा मेलाय. सरकतच नाही."

आता इतिहासाकडे वळू. असा मासा पहिल्यांदा कोणी केला?

पुस्तकांत एक नाव हमखास सापडतं, जेम्स हेडन. मिशिगनमधल्या डोवॅजिॲक गावचा मधमाश्या पाळणारा माणूस. गोष्ट अशी सांगतात की गिरणीच्या तळ्याकाठी मित्राची वाट बघत तो चाकूने काठी तासत बसला होता. उठताना ती पाण्यात भिरकावली आणि एका माशाने तिच्यावर झडप घातली. पुढे त्याच गावात लाकडी आमिषांचा मोठा कारखाना उभा राहिला. दुसरं नाव विस्कॉन्सिनच्या फ्रँक सुइकचं. त्याने मस्कीसाठी जवळजवळ फळीच केली आणि शेपटीला वाकवता येणारी पत्र्याची पट्टी लावली. पट्टी वाकवाल तसा मासा खोल जातो. तिसरा फिनलंडचा लाउरी रापाला. जखमी मासोळी जरा तिरकी, लंगडत पोहते आणि शिकारी नेमका तिलाच धरतो, हे त्याने पाहिलं. १९३६ मध्ये त्याने तशी लंगडणारी मासोळी बुचातून कोरली, वर चॉकलेटची चांदी गुंडाळली.

तिघेही हुशार होते, यात वाद नाही. पण लाकडी माशाच्या पोटात शिसं भरून त्याला पोहायला लावणारे लोक त्यांच्या आधीपासून तिथेच होते. ओजिब्वे आणि शेजारच्या जमाती. मस्की हे नावसुद्धा ओजिब्वे भाषेतूनच आलं आहे. हिवाळ्यात सरोवर गोठलं की ते बर्फाला भोक पाडत, वर अंधारा आडोसा करत आणि दोरीला कोरीव लाकडी मासा बांधून आत सोडत. पोटात शिसं, बाजूला पत्र्याचे पंख. दोरीला हलका झटका दिला की मासा गोल गोल सरके. बघायला मोठा मासा वर आला की भाला. त्याला गळ नसे, नुसतं आमिष. मी इथे वंशावळ जोडत नाही, पण तत्त्व तेच आहे: खाली वजन, वर हलकं लाकूड, आणि झटक्यानंतर सैल दोरी.

आता लढाई सांगतो. १८३७ आणि १८४२ च्या करारांनी ओजिब्वे लोकांनी उत्तर विस्कॉन्सिनची जमीन अमेरिकन सरकारला दिली, पण तिथे शिकार आणि मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे राज्य सरकारने तो हक्क मोडीत काढला. १९८३ मध्ये संघीय न्यायालयाने तो पुन्हा मान्य केला. त्यानंतरच्या काही वर्षांत ओजिब्वे लोक वसंतात रात्री भाले घेऊन तळ्यावर आले की काठावर जमाव जमे. शिव्या, दगडफेक. 'हे आमचे मासे संपवतात' हा आरोप. त्या जमावात हौशी मासेमारही होते. ज्यांच्या आज्यांनी बर्फाखाली लाकडाचा मासा पोहवला, त्यांनाच पाण्यावरून हाकलायचं. हक्काचा कागद शंभर वर्षं पेटीत राहिला तर त्याचं काय होतं, ते इथे दिसतं.

आपल्याकडेही नावांचं असंच होतं. विल्यम हेन्री साइक्स, मुंबई लष्करातला अधिकारी, दख्खनची मोजदाद करायला नेमलेला. १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या माशांवर निबंध छापला. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीरला त्याने 'खुद्री' नाव दिलं, ते इथल्याच बोलीतून उचलून. आजही शास्त्रात तो मासा टॉर खुद्री आहे. साइक्सचं नाव राहिलं, माशाचं राहिलं. ज्या भोयाने जाळ्यातून काढून 'साहेब, ही खुद्री' म्हणून सांगितलं असेल, त्याचं नाही.

आता बागेत परत येऊ.

भाच्याचा लाकडी मासा आम्ही पाण्याच्या हौदात सोडला. तो नाक खाली करून लोंबत राहिला. मी म्हटलं, सोपं आहे, गुरुत्वमध्य पुढे गेलाय. मागच्या बाजूला छिद्र पाडू, शिसं ओतू. आयुष्यभर तोफगोळ्यांचे तक्ते पाहिलेत, एवढं कळणारच. सुभेदारसाहेबांनी आंब्याच्या पेट्या ठोकणाऱ्या सुताराला बोलावलं. त्याने माझ्या हुकमाप्रमाणे सगळं केलं. मासा सरळ झाला आणि सरळच तळाला गेला, दगडासारखा.

सुतार काही बोलला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "साहब, मागे वजन वाढवलंत. पुढचं कमी का नाही केलं?"

त्याने पुढचा गळ बोटाने उचलून दाखवला. भाच्याने मूळ गळ काढून दणकट, मोठा लावला होता. त्यावर जाड तारेचा तुकडा. सगळा भार नाकावर. मी गणित बरोबर मांडलं होतं, पण मुळात चुकलं काय ते विचारलंच नव्हतं. आम्ही ओतलेलं शिसं काढलं, छिद्र बुजवलं, हलका गळ आणि बारीक एकेरी तार लावली. मासा पाण्यात आडवा, सपाट राहिला आणि हळूहळू बुडू लागला. हवं होतं ते हेच.

इथे एक बारकावा सांगतो. मे महिन्यातलं हौदाचं पाणी तीस अंशाचं, विस्कॉन्सिनचं ऑक्टोबरमधलं दहाच्या आसपास. थंड पाणी दाट असतं. एवढ्या लाकडाला त्याने जवळपास एक ग्रॅमचा फरक पडतो. इथे हळू बुडणारा मासा तिथे अधांतरी तरंगेल. म्हणून शेवटचं माप तिथल्याच पाण्यात घ्यायचं, असं भाच्याला बजावलं.

मग मी रॉड घेतली. टोक पाण्याकडे, झटका, ओढ, झटका, ओढ. मासा नाकासमोर ओढला गेला, जशी परेडवर पलटण. सुताराचा दहा-बारा वर्षांचा मुलगा हौदाच्या कठड्यावर बसला होता. लखनौच्या मुलांना पतंगाचं शिकवावं लागत नाही. तो ओरडला, "ढील दो ना!"

ढील दिली. मनगटाने छोटा झटका, लगेच दोरी सैल. मासा डावीकडे वळला आणि स्वतःच्या वजनावर हातभर सरकत गेला. थांबलो. पुन्हा टिचकी. आता उजवीकडे. मासा जेवढा मोठा, तेवढी टिचकी कमी आणि थांबणं जास्त. जड वस्तूला वळायला वेळ लागतो, तो तिला द्यायचा. रीळ फक्त सैल दोरी गोळा करण्यापुरतं फिरवायचं. आणि मस्की झडप घालतो ती बहुतेक वेळा त्या थांबण्यात.

तीस वर्षं मी जवानांना 'ताण ठेवा' शिकवलं. बासष्टाव्या वर्षी कुणीतरी 'ढील दो' शिकवलं.

भाचा परत गेला. जाताना त्याला एवढंच सांगितलं, की तळ्यावर भाला घेतलेला माणूस भेटला तर वाट दे आणि आधी नमस्कार कर. तो तुझ्या खेळाचा पाहुणा नाही, यजमान आहे.

सुताराला आणि त्याच्या मुलाला विचारलं, तुमची नावं भाषणात घेऊ का? सुतार हसून म्हणाला, नको साहब, पेट्यांची ऑर्डर तेवढी सांगा. म्हणून नाव घेतलेलं नाही. पण माणूस होता, हे नोंदवून ठेवतो.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.