मेवन आणि रिसोर्स फायलींचे घर

१९७६ मध्ये बेल लॅब्जच्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी रचलेल्या 'मेक'ला फायलींच्या वेळा कळत. चित्रे, संदेश, सेटिंग्ज इच्छित स्थळी नेण्याचे नियम मात्र प्रत्येकाने स्वतः लिहायचे. जावाविश्वात 'मेवन'ने त्यांना 'एसआरसी/मेन/रिसोर्सेस' हे ठरलेले घर दिले. तेथून त्या 'टार्गेट/क्लासेस'मध्ये जशाच्या तशा उतरतात. 'फिल्टरिंग' चालू केल्यास मजकुरातील खुणांच्या जागी आवृत्तिक्रमांकासारखी मूल्ये भरली जातात. सोय मोठी, आणि धोकाही तिच्यातच! पीडीएफ वा फाँटची फाईलही मजकूर समजून वाचली जाते, बाइट बिघडू शकतात. तरीही बिल्ड 'यशस्वी' ठरू शकतो. नेहमीच्या चित्रप्रकारांना पुढे आपोआप सूट मिळाली. इतरांचे अपवाद आजही स्वतः नोंदवावे लागतात, किंवा अशा फायली वेगळ्या फोल्डरात ठेवाव्या लागतात.