फाटकावरचा एकटा माणूस

1970-71चं डॅलस. एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या फाटकाशी तुम्ही उभे आहात. निदर्शनाला एक माणूस येतो. एकटाच. लाल बावटे, मोर्चे, घोषणा पाहत वाढलेले तुम्ही त्याच्या मागचा जथा शोधता. जथा नाहीच. तरी बघता बघता दीडएकशे कामगार हातातलं काम टाकून निघून जातात. पिकेट, म्हणजे निदर्शकाचा पहारा, ओलांडायचा नाही, हा इथल्या कामगारांचा रिवाज. साइट बंद.

पगार थकलाय की अपघात झालाय? काहीच नाही. हा माणूस आलाय प्लंबर आणि स्टीमफिटरांच्या ‘लोकल 100’ या युनियनतर्फे. मुख्य ठेकेदार कॉनेल. कॉनेलच्या स्वतःच्या कामगारांशी युनियनला देणंघेणं नाही, तसं ती स्वतःच सांगते. नळ, पाइप, यंत्रणांची कामं कॉनेल निविदा मागवून पोटठेकेदारांना देतो. ते युनियनवाले असोत वा नसोत. युनियनला लेखी हवंय, की ही कामं आमच्याशी करार असलेल्यांनाच मिळतील.

साइट बंद ठेवणं कुठल्या ठेकेदाराला परवडतं? कॉनेल टेक्सासचा मक्तेदारीविरोधी कायदा हाती घेऊन कोर्टात जातो, मग निषेध नोंदवून सही करतो आणि केंद्राचा मक्तेदारीविरोधी कायदाही पुढे करतो. दोन कोर्टांत हरतो.

आता वॉशिंग्टनला चला. 2 जून 1975, सर्वोच्च न्यायालय. न्यायमूर्ती पॉवेल यांचा निकाल: पोटठेकेदारांचे कामगार संघटित करा, मजुरी वाढवून घ्या, हरकत नाही. पण या करारानं बाहेरच्या सगळ्यांनाच दार बंद होतं. पुरेशी मजुरी देऊन, निव्वळ कामाच्या हुशारीवर स्वस्तात काम करणाऱ्यालासुद्धा. अशा कराराला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट नाही.

मुद्दा बिनतोड वाटतो ना? तरी जरा थांबून न्यायमूर्ती स्ट्यूअर्ट यांचं विरोधी मत ऐका. युनियन चुकली असेल तर कामगार कायद्यातच त्यावर इलाज आहे, अमेरिकी काँग्रेसनं तोच ठरवून दिलाय, असं ते म्हणतात. मला हे जास्त पटतं. मक्तेदारीविरोधी कायद्यात नुकसानभरपाई तिप्पट असते. कारखानदारांच्या टोळक्यांसाठी घडवलेला तो सोटा प्लंबरांच्या पाठीत घालताना हात आखडायला हवा होता.

निकाल 5 विरुद्ध 4. कॉनेलनं आधी पुढे केलेला टेक्सासचा कायदा मात्र न्यायालयानं बाजूला सारला. आणि करारानं केंद्राचा कायदा खरोखर मोडला की नाही, हे ठरवायला खटला पुन्हा खालच्या कोर्टात गेला.