जाळीखाली काय आहे? गाडी धुतलेल्या पाण्याची गोष्ट

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, गाडी धुतलेल्या पाण्याला कसला आलाय इतिहास? पण नद्या वाचवायला निघालेला अमेरिकेतला एक मोठा कायदा, दारोदार फिरून गाड्या धुणाऱ्या माणसाच्या बादलीपर्यंत कसा पोचला, हे आज आपण बघणार आहोत. त्या प्रवासाला अठरा वर्षं लागली.

आधी हा धंदा समजून घेऊ. एक व्हॅन, तीत पाण्याची टाकी, प्रेशर वॉशर, शाम्पू, फडकी. ग्राहकाच्या दारात किंवा ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी धुऊन द्यायची. गाडी चकचकीत होते, ग्राहक खूश होतो, आणि पाणी उतारानं वाहत रस्त्याच्या कडेच्या जाळीत जातं. आपली गोष्ट त्या जाळीपासून सुरू होते.

जाळीखाली काय असतं? न्यूयॉर्क, शिकागो अशा जुन्या शहरांच्या मोठ्या भागात पावसाचं पाणी आणि घरातलं सांडपाणी एकाच वाहिनीतून जातं. पण बहुतेक नव्या शहरांत वाहिन्या दोन आहेत. संडास-मोरीचं पाणी प्रक्रिया केंद्रात जातं. पावसाचं पाणी मात्र काहीही प्रक्रिया न होता थेट ओढ्यात, नदीत किंवा समुद्रात. म्हणजे जाळीत ओतलेली बादली आपण जवळजवळ नदीतच ओतलेली असते.

आता थोडं मागे जाऊ. 22 जून 1969 रोजी क्लीव्हलंड शहरात कुयाहोगा नदीवर साचलेल्या तेलकट कचऱ्यानं पेट घेतला. ती नदी काही पहिल्यांदा पेटली नव्हती, आणि त्या दिवशीचं नुकसानही फार मोठं नव्हतं. पण काळ बदलला होता. ‘पेटलेली नदी’ ही देशभरात लाजेची खूण ठरली. पुढे ऑक्टोबर 1972 मध्ये, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून, अमेरिकी काँग्रेसनं आज ‘क्लीन वॉटर अॅक्ट’ म्हणून ओळखला जाणारा कायदा मंजूर केला.

या कायद्याची नजर कशावर होती? पाइपावर. कारखान्याचा पाइप, नगरपालिकेचा पाइप. ठरावीक जागेतून घाण पाणी सोडायचं असेल तर परवाना घ्या, असा त्याचा गाभा. मग पावसाळी गटारांचं काय? तीही शेवटी पाइपातूनच नदीला मिळतात. पण अशी तोंडं देशात असंख्य. तेव्हा 1973 मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, त्यातल्या बहुतेकांना परवान्यातून सूट दिली. नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल ही संस्था कोर्टात गेली, आणि 1977 मध्ये अपील कोर्टानं सांगितलं की कायद्यात नसलेली सूट ईपीएला देता येणार नाही. काम अवघड आहे, हे सूट देण्याचं कारण होऊ शकत नाही.

दरम्यान 1978 ते 1983 या काळात ईपीएनं देशात 28 ठिकाणी शहरी पावसाचं पाणी तपासलं. त्यात तांबं, शिसं, जस्त हे धातू सर्रास सापडले. यातलं बरंचसं रस्त्यावरून आणि गाड्यांकडून येतं. तांबं ब्रेकच्या पॅडमधून झिजतं, जस्त टायरमधून. चाकाच्या रिमवरची ती काळी भुकटी आठवा. गाडी धुताना आपण तीच सोडवतो, आणि वर साबण घालतो.

साबणाबद्दल एक गैरसमज इथेच दूर करू. बाटलीवर ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलं असलं की आपल्याला निर्धास्त वाटतं. पण विघटन व्हायला वेळ लागतो. जाळीतून ओढ्यापर्यंत पाणी काही मिनिटांतही पोचू शकतं. साबणातली रसायनं माशांच्या कल्ल्यांना इजा करतात. विरघळलेल्या तांब्यानं सामन माशाची वास घेण्याची शक्ती मंदावते, आणि घरचा ओढा ओळखायला त्याला तोच वास लागतो. म्हणूनच 2010 मध्ये कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी ब्रेक पॅडमधलं तांबं कमी करण्याचे कायदे केले.

1987 मध्ये काँग्रेसनं मूळ कायद्यात दुरुस्ती केली, आणि नोव्हेंबर 1990 मध्ये नियम आले. एक लाख किंवा त्याहून जास्त लोकवस्तीच्या शहरांना आता पावसाळी गटारांसाठी परवाना लागणार होता. अट अशी की पावसाचं नसलेलं पाणी त्या गटारात जाऊ द्यायचं नाही. 1999 मध्ये हेच लहान शहरांनाही लागू झालं. आणि इथे कायदा बादलीपाशी आला.

पण त्याच 1990 च्या नियमात सवलतींची एक यादी आहे. त्यात घरमालकानं स्वतःची गाडी घरी धुणं येतं. शहराला त्याचा उपद्रव दिसला नाही, तर ते चालतं. धंदा म्हणून धुणाऱ्याला ही सवलत नाही. पाणी तेच, साबण तोच, जाळी तीच. मालकानं धुतली तर चालतं, पैसे घेऊन दुसऱ्यानं धुतली तर दंड होऊ शकतो. हा अन्याय वाटतो ना? थोडा आहेच. नियमवाल्यांची बाजूही ऐकू. मालक कधीतरी एक गाडी धुतो, धंदेवाला रोज कितीतरी. पण माशाला हा फरक कळत नाही, हेही खरं.

शिवाय पक्क्या वॉशिंग सेंटरला जागा असते. तिथलं पाणी तेल-गाळ अडवणाऱ्या टाकीतून सांडपाण्याच्या वाहिनीत सोडता येतं. फिरत्या माणसाला जागाच नाही. त्यानं काय करायचं? अनुभवातून काही रीती बसल्या. जाळीवर रबरी चटई टाकून ती बंद करायची. गाडीभोवती छोटा बांध घालायचा, किंवा गाडी काठ असलेल्या ताडपत्रीवर उभी करायची. साचलेलं पाणी व्हॅक्यूमनं ओढून टाकीत भरायचं, आणि परवानगी घेऊन सांडपाण्याच्या वाहिनीत सोडायचं. किंवा पाणी इतकं कमी वापरायचं की वाहायला काही उरूच नये. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातल्या पर्जन्यजल यंत्रणांनी तर अशा फिरत्या सफाईवाल्यांसाठी प्रशिक्षण आणि मान्यतेची योजनाच चालवली. नुसता दंड ठेवला असता तर माणूस लपून धुतो. शिकवलं, तर निदान ‘मी नियमानं काम करतो’ असं ग्राहकाला सांगून दोन पैसे जास्त मागू शकतो.

आता आपल्याकडे बघू. महाराष्ट्रानं जलप्रदूषणाचा कायदा 1969 मध्येच केला होता, केंद्राचा आला 1974 मध्ये. केंद्राच्या कायद्यात ‘ट्रेड एफ्लुएंट’ची व्याख्या ‘आवारातून’ सोडलेल्या पाण्याची आहे. फिरत्या व्हॅनचं आवार कोणतं? अर्थात त्याच कायद्याचं 24 वं कलम कोणालाही, जाणूनबुजून, प्रवाहात घाण सोडायला मनाई करतं. पण ते बादलीपर्यंत पोचवायचं कोणी? मुंबईतही पावसाळी गटारं आणि मलवाहिन्या वेगळ्या आहेत, आणि नाले मिठी नदीला, खाडीला, समुद्राला मिळतात. सोसायटीत पहाटे बादली-फडकं घेऊन येणारा माणूस खरं तर फार कमी पाणी वापरतो. आता घरपोच प्रेशर वॉशर घेऊन व्हॅनही येऊ लागल्या आहेत.

या इतिहासातून आम्हाला जाणवतं ते एवढंच. पाण्याचा कायदा पाइप शोधत निघाला, आणि शेवटी त्याला जाळी सापडली. घाण कोण करतं, हे विचारण्याआधी ‘ही जाळी कुठे जाते?’ हे विचारावं लागतं. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना उद्या एकदा विचारून बघा. उत्तर नाला असं आलं, तर गाडी धुणाऱ्या पोरावर ओरडू नका. पाणी बागेकडे किंवा मोरीकडे वळवायची सोय करून देणं हे काम त्याचं नाही, आपलं आहे.

आता प्रश्न घेऊया.