तेरचा लामतुरे संग्रह

तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. सातवाहन काळी हेच तगर नगर. येथील माल रोमपर्यंत जाई. गावच्या पांढरीत नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती सापडत. गावचेच व्यापारी कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जिवापाड जमविल्या. पुढे हा ठेवा शासनाकडे येऊन त्यांच्याच नावाने संग्रहालय झाले. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहावीच. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेईत निघाली! हेच सारे सोनाराच्या मुशीत वा उकिरड्यावर गेले असते तर?

आपल्याही मंदिराचा पाया खोदताना काही जुने निघाल्यास ते लपवू नये. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते.