नाव लिहिणारा मुलगा

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी अमेरिकेत एका विद्यापीठात शिकते. दुसरे वर्ष आहे. गेल्या आठवड्यात तिने व्हॉट्सॲपवर एक अर्ज पाठवला आणि खाली लिहिले, "मामू, जरा देख के बोलो ना." अर्ज वसतिगृहातल्या 'रेसिडेंट असिस्टंट'च्या जागेसाठी होता. तिकडे सगळे त्याला आरए म्हणतात. वसतिगृहाच्या एका मजल्यावर वीस-तीस किंवा त्याहून जास्त मुले राहतात. त्यांच्यातच राहणारा, त्यांच्याइतकाच किंवा वर्ष-दोन वर्षांनी मोठा विद्यार्थी त्यांच्यावर लक्ष ठेवतो. रात्रीच्या पाळीला फेरी मारतो, किल्ली हरवली तर धावतो, भांडणे सोडवतो, कोणी आजारी पडले तर वर कळवतो. बदल्यात त्याला खोली फुकट मिळते, बऱ्याच ठिकाणी जेवणही.

अर्जात पहिला प्रश्न होता, तुम्हाला आरए का व्हायचे आहे? भाचीने नेतृत्व, विविधता, समाजबांधणी असे पाऊण पान लिहिले होते. खोलीच्या भाड्याचा एका शब्दाने उल्लेख नव्हता. आणि चौथा प्रश्न होता, तुमच्या जवळच्या मैत्रिणीने नियम मोडलेला दिसला तर काय कराल? ती चौकट तिने कोरीच ठेवली होती.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. इंग्रजी अर्ज तपासणे हे काही माझे काम नाही. पण ती कोरी चौकट पाहिल्यावर दोन रात्री नीट झोप लागली नाही. या प्रश्नाचा इतिहास जुना आहे, आणि त्यातला थोडा माझ्या स्वतःच्या खात्यावर आहे.

सर सय्यद अहमद खान 1869 मध्ये इंग्लंडला गेले. मुलगा सय्यद महमूद केंब्रिजमध्ये शिकत होता. सर सय्यदांनी तिथे पाहिले की अभ्यास वर्गात होतो तेवढाच जेवणाच्या टेबलावर, खेळाच्या मैदानावर आणि खोलीतही होतो. परत आल्यावर अलिगढला 24 मे 1875 रोजी मदरसा सुरू झाला. 8 जानेवारी 1877 रोजी व्हाइसरॉय लिटन यांच्या हस्ते मोहामेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची पायाभरणी झाली. सर सय्यदांच्या मनात कॉलेजइतकेच महत्त्व बोर्डिंग हाउसला होते. मुलगा घरी राहिला तर जुन्या हवेलीच्या सवयी सुटणार नाहीत, असे त्यांचे मत. म्हणून पक्की बराक, कच्ची बराक, एकत्र जेवण, तुर्की टोपी, काळा कोट, नमाज सक्तीची. शिया-सुन्नींची नमाजची सोय वेगवेगळी, पण राहणे-खाणे एकत्र. त्या काळाच्या मानाने ही मोठी गोष्ट होती. ज्या घरांत नवाबाच्या मुलाला पाणी द्यायलाही नोकर लागे, तिथला मुलगा घंटेवर उठू लागला.

पण शेकडो मुले घंटेवर उठवायची तर उठवणारा कोणी हवा. 1883 मध्ये थिओडोर बेक प्रिन्सिपल म्हणून आले तेव्हा ते अवघे चोवीस वर्षांचे होते, केंब्रिजहून नुकतेच आलेले. बेक आणि त्यांच्यानंतरचे मॉरिसन यांच्या काळात इंग्लिश पब्लिक स्कूलचा साचा अलिगढमध्ये पक्का झाला. वर प्रॉक्टर आणि खाली वरच्या वर्गांतून निवडलेले मॉनिटर. अलिगढचा 'प्रॉक्टर' आजही तिथे आहे. तिथल्या हॉलमध्ये 'सीनियर हॉल', 'सीनियर फूड' अशी पदे विद्यार्थ्यांनाच दिली जातात. मेसमधली डाळ पातळ झाली की सगळा हॉल सीनियर फूडच्या नावाने बोटे मोडतो. पदाचा मान आणि शिव्या दोन्ही त्याच्याच वाट्याला.

अलिगढच्या या व्यवस्थेतून दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. 1890 च्या सुमारास साहबजादा आफताब अहमद खान आणि सोबतच्या विद्यार्थ्यांनी अंजुमन-अल-फर्ज काढली. ही मुले सुट्टीत गावोगावी फिरून पैसे जमवत, आणि त्यातून गरीब मुलांचे शिक्षण चाले. हे काम कोणी नेमून दिलेले नव्हते. बोर्डिंगात शेजारच्या खोलीत राहिल्यामुळेच कोणाकडे फीचे पैसे नाहीत हे त्यांना कळत होते.

दुसरी गोष्ट कडू आहे. इंग्रज प्रिन्सिपलांना कॉलेज सरकारच्या मर्जीत ठेवायचे होते, त्यामुळे बोर्डिंगात काय बोलले जाते याकडे लक्ष असे. हसरत मोहानी इथेच बी.ए. झाले, पण त्याआधी कॉलेजमधून काढले जाणेही त्यांच्या वाट्याला आले. 1907 च्या फेब्रुवारीत शहरातल्या प्रदर्शनात एका विद्यार्थ्याची पोलिसाशी झटापट झाली. त्या प्रकरणात प्रिन्सिपल पोलिसांच्या बाजूचे आहेत असे मुलांना वाटले, त्यांनी संप केला आणि कॉलेज काही काळ बंद ठेवावे लागले. अशा दिवसांत मॉनिटर नेमका कोणाचा, हा प्रश्न प्रत्येक बराकीत विचारला गेला असणार.

आपल्याकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी बोर्डिंगांची रांगच उभी केली. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी, जिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले, आणि 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगात राहून शिकलेली माणसे आमच्या नात्यात आहेत. ती नसती तर मी मराठीचा शिक्षक झालो असतो की नाही, शंका आहे.

भाऊराव पाटलांची गोष्ट याच शहरातली. ते जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला गेले, परत आल्यावर शुद्धीसाठी अंघोळ कर म्हटले तर त्यांनी नकार दिला, आणि बोर्डिंग सोडावे लागले. त्यांच्या चरित्रांत ही हकीकत येते. मी ती वर्गात अनेकदा सांगितली आहे. सांगताना दर वेळी मनात येते, भाऊराव कुठे गेले होते हे वर सांगितले कोणी? कदाचित त्यांनी स्वतःच सांगितले असेल, त्यांचा स्वभाव तसा होता. पुढे 1924 मध्ये साताऱ्यात त्यांनी स्वतःचे बोर्डिंग काढले. त्यात सगळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत आणि स्वयंपाकापासून शेतापर्यंतचे काम स्वतः करत. 1927 मध्ये गांधीजींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव दिले. तिथेही शिस्त कडक होती. पण पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले. त्या शिस्तीमागे कोण उभे आहे हे मुलांना दिसत होते.

आता माझी गोष्ट. बी.ए.ला मी जिल्ह्याच्या गावी एका बोर्डिंगमध्ये होतो. नाव सांगत नाही. मला तिथे मॉनिटर केले होते, कारण माझे अक्षर चांगले होते. खरेच, एवढेच कारण होते. बदल्यात मेसचे अर्धे बिल माफ. अब्बांना तेवढाही आधार मोठा होता. काम म्हणजे ईशाच्या नमाजनंतर हजेरी घ्यायची आणि गैरहजर असेल त्याचे नाव रजिस्टरात लिहायचे. तीन वेळा नाव आले की मुलाला काढायचे, असा नियम.

आमच्यात एक मुलगा होता, माझ्यापेक्षा वर्षाने लहान. तो रात्री बेकरीत जायचा. पहाटेच्या पावासाठी रात्रीच पीठ मळून भट्टी लावावी लागते. फजरच्या वेळी तो परत यायचा तेव्हा त्याच्या सदऱ्याला पावाचा वास असायचा. मला ठाऊक होते. सगळ्या मजल्याला ठाऊक होते. मी तीन वेळा त्याचे नाव लिहिले. तिसऱ्या वेळी त्याला बोलावणे आले आणि दुपारी तो वळकटी घेऊन गेला. मला कोणी काही विचारले नाही, आणि मीही जाऊन सांगितले नाही की तो भटकायला जात नाही, घरी पैसे पाठवतो. रजिस्टरात कारणाचा रकाना नव्हता. त्या वर्षी त्याने परीक्षा दिली नाही.

मी खोटे काही लिहिले नव्हते. याच आधारावर मी बरीच वर्षे काढली.

म्हणून भाचीच्या अर्जासाठी अमेरिकेचा इतिहासही चाळला. तिथल्या जुन्या कॉलेजांनी ऑक्सफर्ड-केंब्रिजचाच नमुना घेतला होता. शिक्षक मुलांबरोबर एकाच छपराखाली राहत. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले. 1944 च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी पैसे मिळाले, कॉलेजे भरून वाहू लागली. 1950 च्या कायद्याने वसतिगृहे बांधायला सरकारी कर्ज मिळू लागले. मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या आणि तेवढ्यांवर नजर ठेवायला मोठी माणसे पुरेनात. वरच्या वर्गातले विद्यार्थी स्वस्तात मिळत होते.

तोपर्यंत कॉलेज म्हणजे आईबापाच्या जागी, असे अमेरिकी न्यायालयेही मानत होती. अलाबामात 1960 मध्ये काळ्या विद्यार्थ्यांनी गोऱ्यांच्या उपाहारगृहात बसून सत्याग्रह केला, आणि त्यांच्या सरकारी कॉलेजने चौकशीशिवाय काही जणांना काढून टाकले. 1961 मध्ये डिक्सन खटल्यात अपील न्यायालयाने सांगितले की काढण्यापूर्वी मुलाला आरोप कळवले पाहिजेत आणि त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. हे वाचताना मी थोडा वेळ थांबलो. आमच्या रजिस्टरात जो रकाना नव्हता, तो तिथे खटला लढवून मिळवावा लागला होता.

त्यानंतर आरएचे काम पहारेकऱ्याकडून हळूहळू आधार देण्याकडे सरकले, पण पहारा संपला नाही. प्रशिक्षणात 'बंद दारामागे' नावाचा एक सराव असतो. जुने आरए खोलीत शिरून दारू प्यायलेला, रडणारा, भांडणारा विद्यार्थी वठवतात आणि नव्याने दार ठोठावायचे. शिवाय बऱ्याच विद्यापीठांत नियम असा की लैंगिक अत्याचाराची गोष्ट कोणी आरएला सांगितली तर ती वर कळवावीच लागते. म्हणजे मध्यरात्री रडत आलेल्या मुलीला "मी कोणाला सांगणार नाही" असे वचन ती देऊ शकत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीवर हे ओझे आहे. हे श्रम आहेत, हेही तिथल्या मुलांनीच मांडले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या आरएंनी 2002 मध्ये कामगार संघटनेच्या बाजूने मतदान केले. 2022 मध्ये वेस्लियन विद्यापीठाने आपल्या आरएंच्या संघटनेला मान्यता दिली.

आमच्या घरात आणखी एक भीती होती, बहिणीची. न्यूयॉर्क पोलिसांनी 11 सप्टेंबरनंतर मुस्लिम विद्यार्थी संघटनांवर पाळत ठेवल्याचे असोसिएटेड प्रेसने 2011 पासून बातम्यांतून उघड केले. 2008 मध्ये सिटी कॉलेजच्या मुस्लिम मुलांच्या राफ्टिंगच्या सहलीत एक गुप्त पोलीसही होता. सहलीत कोण कोण होते आणि नमाज किती वेळा झाली, याची नोंद अहवालात झाली. बहिणीला वाटते, पोरगी अशा कामात पडली तर उद्या हिलाच कोणाची नावे द्यायला सांगतील. मी तिला एवढेच म्हणालो की आपा, त्या सहलीत नोंद करणारा कोण आहे हे मुलांना माहीत नव्हते. आरएचे नाव तर दारावर लावलेले असते. तिचे समाधान झाले नाही, आणि ते पूर्ण व्हावे असा मुद्दा माझ्याजवळही नव्हता.

रविवारी भाचीशी बोललो. बेकरीतल्या मुलाची गोष्ट तिला सांगितली. घरात ती मी याआधी कोणाला सांगितली नव्हती. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारले, "मामू, उनो अब कहाँ हैं?" मला माहीत नाही, म्हणालो.

अर्ज तिने पुन्हा लिहिला. पहिल्या उत्तरात आता साफ लिहिले आहे की खोलीचे भाडे वाचेल, तिला त्याची गरज आहे आणि विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. चौथ्या चौकटीत तिने लिहिले, पहिल्याच रात्री मी मजल्यावरच्या सगळ्यांना सांगेन की कोणत्या गोष्टी मला वर कळवाव्याच लागतात. आणि कळवताना मी कारणही लिहीन, विचारले नाही तरी. तिच्या इंग्रजीत मी एक स्पेलिंग तेवढे दुरुस्त केले.

मुलाखत पुढच्या गुरुवारी आहे. तिथे दुपार असेल, इथे मध्यरात्र. बहीण म्हणते, मी जागीच राहणार.